घर आलं, उतरा

लाईट यायला अजून लय येळ हाय. उसाला पानी पाजायचं तर रातचीच लाईट, आन् ती काय आपल्या हाकंनं येत न्हाई. तवर बसा हितं. मानश्या, जरा पाचाट घाल जाळात, आन् ते दात काढायचं बंद कर. हसू येत आसंल तर जा, पार वड्याकडंचं वाफं बगून ये एकटा... का रं? न्हाई जात? मंग गप बस.

ही गोष्ट जालिंदर मेस्त्रीची. कवठे महांकाळात त्येचं गॅरेज हुतं. मी आष्ट्यासनं टेंपो चालवायचो, तवा माजी गाडी त्येच्याबिगर दुसऱ्या कुनाच्या हातात देत नव्हतो. मिलिट्रीत गाड्या दुरुस्त करून आलेला गडी. बौद्ध वस्तीतला. छप्पन सालापास्नं त्येंच्या घरात देवरुषी, अंगारा, भूतखेत सगळं बंद. कुनी म्हनलं, "मेस्त्री, गाडीला कायतरी लागलंय," तर म्हनायचा, "लागलंय की. डिझेलमदी हवा लागलीया." आसला मानूस. त्येनंच मला हे सांगितलं, आन् सांगताना माज्याकडं एकदाबी बगितलं न्हाई.

साल अठ्ठ्यान्नव. दत्तजयंतीच्या आदली रात, बुधवार. आमुशा-बिमुशा काय नव्हती बरं का, लख्ख चांदनं पडल्यालं. थंडी मात्र हाडं फोडनारी. दिस मावळला तसा जालिंदर एका व्हॅनची ट्रायल घ्यायला गावाभायेर निगाला.

व्हॅन मल्हारची. मल्हार पूर्वंकडच्या धनगरवाडीचा. मेंढरं इकून त्येनं मुंबईच्या कुना हॉटेलवाल्याची जुनी परदेशी व्हॅन घेतलेली. टर्बो डिझेल. टर्बो म्हंजे काय, ठाव हाय का? सायलेन्सरकडं जानाऱ्या धुराच्या जोरावर फिरनारा पंखा. त्यो इंजनात हवा कोंबतो, आन् गाडीला दम येतो. घेतली तवा ती व्हॅन चढाला हरनावानी पळायची. पर वरीसभरात तिचा दम जाया लागला. एकदम न्हाई. प्रत्येक खेपंला थोडा थोडा.

जालिंदरनं काय ठेवलं न्हाई बगायचं. हवेचा फिल्टर झाडला, मंग नवाच टाकला. डिझेलचा फिल्टर बदलला, लाइनीतली हवा काढली. टर्बोचा रबरी पाइप कुटं चिरलाय का म्हनून हातानं दाबून दाबून बगितला. पंखा बोटानं फिरवला, मोकळा. सायलेन्सर सोडून आत काजळी बसलीया का बगितली, साफ. ब्रेक धरत आसतील म्हनून चाकं जॅकवर उचलली, ती बी गरगर फिरली. टर्बोची शिट्टीबी नीट वाजत हुती. तरी चढ आला की काळा धूर, आन् गाडी ढम्म! जालिंदरची झोप उडाली. रोगच गावंना म्हनल्यावर मेस्त्रीचं डोकं फिरतंच की.

आता ती व्हॅन काय वाहायची, ते सांगाय पायजे. आदी वऱ्हाडं वाहिली. पर वऱ्हाडं काय बारा म्हैनं नसत्यात. मंग मिरजंच्या दवाखान्यातनं मयत मानसं गावाकडं आनायचं काम त्येला लागलं. दुसरा कोन डायवर तयार व्हायचा न्हाई. ह्यो भोळा. नगं म्हनायला जमायचं न्हाई त्येला.

आन् त्या अंगाला एक रीत हाय. मयत दारात आलं की आदी कुनी हात लावायचा न्हाई. ज्येनं गाडी चालवत आनलं, त्येनं मागचं दार उघडायचं आन् नाव घिऊन म्हनायचं, "साळूबाई, घर आलं, उतरा." मंगच खाली घ्यायचं. दुसऱ्या कुनी म्हनून चालत न्हाई. वाटंनं नेनारा त्योच, उतरवनाराबी त्योच. ही रीत मल्हारला ठाव नव्हती आसं न्हाई. पर त्येला लाज वाटायची रं. आयाबाया ऊर बडवत्यात, पोरं लोळत्यात, त्या गर्दीत "ह्येंचं नाव काय वो?" म्हनून कुनाला इचारायचं? त्यो आपला खाली मान घालून गप हुबा ऱ्हायचा. लोक बी दुक्खात. कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई.

तर त्या सांजंला जालिंदर ट्रायल घिऊन आला. गाडीत एकटा, तरी जरा चढ लागला की दुसऱ्या गेरवर. त्यो बॉनेट उघडून डोकं खाजवत हुबा, तवर गावातल्या डाक्टरकडनं मल्हार पळत आला. खांद्यावर सोनिया, त्येची लेक. पहिलीत जानारी पोर. मागं बायको, रंगुबाई, अनवानी.

"मेस्त्री, गाडी द्या. पोरगी डोळं फिरवतीया. डाक्टर म्हनला, ताप मेंदूत गेलाय, आत्ताच्या आत्ता मिरज गाठा."

"आरं पर गाडी वडत न्हाई मल्हार! जीप बग दुसरी."

"कुटली जीप? समद्या गेल्या न्हवं औदुंबरला, दत्ताच्या वाडीला. उद्या दत्तजयंती. स्टँडवर काळं कुत्रं न्हाई."

खरंच हुतं. जालिंदरनं बॉनेट दाणकन लावलं. म्हनला, "बस. मी बी येतो. वाटंत काय झालं तर हात तरी लावता यील." मल्हार स्टेरिंगवर, जालिंदर शेजारी. मागं रंगुबाई, मांडीवर पोरगी. बाकी मागचं समदं रिकामं. मयतासाठी शीटा कवाच काढल्या हुत्या, एक लांब बाकडं तेवढं ऱ्हायलं हुतं.

सपाटीला गाडी बरी चालली. पोरगी मधनंच "आबा" म्हनायची, मल्हार म्हनायचा, "आलं बग मिरज, आलं." जालिंदरचा कान इंजनाकडं. भोसं गाव जवळ आलं. दंडोबाच्या डोंगराकडंचा चढ लागला. आन् गाडी दमली.

तिसरा गेर. दुसरा. मंग पैला. मागं काळ्या धुराचा लोट. अॅक्सिलेटर तळाला टेकलेला, आन् गाडी मानसाच्या चालीनं चाललीया.

मागनं रंगुबाई म्हनली, "आवं... जरा गाडीतला दिवा लावा की."

"का गं?"

"दाटी लय झालीया. पोरीला पाय लांब करता येईनात."

जालिंदरनं मागं वळून बगितलं. बाकडं रिकामं. रंगुबाई पार कोपऱ्यात, दाराला चिकटून बसलेली. अंग चोरून...

गाडी थांबली.

त्यो खाली उतरला. बॅटरी घिऊन पाइप बगितला. गळती न्हाई. डिझेल यायलंय. शिट्टी हाय. मंग मागं गेला. वाकला. बॅटरी खाली मारली, आन् तसाच बसून ऱ्हायला.

मागचं पाटे, म्हंजे गाडीचं वज्जं पेलनाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, उलटं वाकलं हुतं. टायरं चपटी. उसाच्या गाडीची हुत्यात, तशी. एक बाई आन् एक पोर, आन् एवढं वज्जं!

इंजनात रोग नव्हताच. गाडी भरलेली हुती.

जालिंदर मला म्हनला, "तात्याबा, ज्या गोष्टी मी जलमभर मानल्या न्हाईत, त्या मी त्या पाट्यावर बगितल्या." त्यो उठला. मल्हारजवळ गेला.

"मल्हार... आजवर जी आनलीस... त्येंला उतरवलंस का?"

मल्हारच्या तोंडावरचं रगत उतरलं. त्यो मागं धावला. दार उघडलं. हात जोडलं.

"उतरा... आवं, घर आलं, उतरा."

काय न्हाई.

"बाबांनो, आयांनो, चुकलो. पाया पडतो. माजी पोर मराय लागलीया. उतरा वो..."

पाटे हललं न्हाईत. हलतील कसं? नाव घ्याय पायजे. आन् नाव त्येला एकाचंबी ठाव नव्हतं. एवढी मानसं आनली... एकाचंबी न्हाई.

चांदनं. गार वारं. इंजन नुसतं धडधडतंय.

मल्हार म्हनला, "दी पोरगी. चालत नेतो." हात म्होरं केलं.

रंगुबाई हलली न्हाई.

"नगं आता... गार पडली."

...

उतारानं गाडी आपसूक मागं आली म्हनं. वाटंत कुनी रडलं न्हाई. धनगरवाडीत मल्हारच्या दारात गाडी हुबी ऱ्हायली. शेजारची बायामानसं गोळा झाली. सगळी लांब हुबी. रीत हुती ना. मल्हारनं मागचं दार उघडलं.

पैल्यांदा त्येला नाव ठाव हुतं.

रंगुबाई म्हनली, "म्हना."

त्यो पोरीम्होरं वाकला.

"म्हना की वो. लेकराला ताटकळत ठेवू नगा."

मल्हारनं पोरीच्या केसावरनं हात फिरवला. व्हट घट मिटलं. जालिंदर म्हनतो, त्येनं मान हलवली, एकदाच, न्हाई म्हनून. मंग हातानंच पोरीला उचललं आन् एक शबुद न बोलता घरात नेलं. रंगुबाईनं किंकाळी फोडली ती तवा. पोरगी गेली तवा न्हाई, तवा.

पोरीला मातीत ठेवलं. तिसऱ्या दिशी रंगुबाई म्हसवडला भावाकडं गेली, ती परत आली न्हाई. म्हनायची, "दोगीला बी त्येनंच अडकवलं, तिला गाडीत आन् मला हितं." मल्हारनं पुना कुनाचं मयत आनलं न्हाई. पर गाडीबी इकली न्हाई.

जालिंदरचा तिकडं पाय वळत नव्हता. पुढल्या थंडीत एकदा गेला, राहावलं न्हाई म्हनून. दिस उगवायचा हुता. दव पडल्यालं, पत्र्यावरनं थेंब गळत हुतं. व्हॅन दगडावर चढवलेली, चाकं न्हाईत, आन् मल्हार आत स्टेरिंग धरून बसलेला. पार वाळलेला. जालिंदरला बगून हसला. म्हनला, "या मेस्त्री."

जालिंदरनं शेजारचं दार उघडलं. बसायला पाय टाकला.

"तितं नगं," मल्हार म्हनला, हळूच, झोपलेलं कुनी उठू ने म्हनून बोलतो तसा. "मागं बसा."

शीट रिकामी हुती. पर गादीत खळगा पडल्याला. ल्हान. जालिंदरनं हात टेकवला...

मी म्हनलं त्येला, आरं, इंजनाची गरमी आसंल. जुनी गाडी, शीटंच्या म्होरंच इंजन, गादी तापती की.

जालिंदर मंग म्हनला, "तात्याबा, इंजन मल्हारनं पावसाळ्याआदीच काढून इकलं हुतं."