एकसष्ट नंबरचा बिल्ला

घर ते कारखाना नऊ किलोमीटर. पहिले चार सपाट, मग पुलाचा चढ, आणि पुलापलीकडे वारा. हा वारा सकाळी जाताना समोरून असायचा आणि संध्याकाळी परतताना, काय वैर होतं कोण जाणे, तेव्हाही समोरूनच. बस पुलाच्या अलीकडेच वळून परत जायची. त्यामुळे सायकल होती म्हणून तिची नोकरी होती, आणि नोकरी होती म्हणून घरी अंथरुणावर पडलेल्या नवऱ्याची औषधं येत होती.

धाग्याच्या कारखान्यात तिचं काम छटा जुळवायचं. रंगून आलेलं रीळ घ्यायचं, उत्तरेच्या खिडकीशी न्यायचं, नमुन्याच्या कार्डावरच्या धाग्याला लावून बघायचं आणि सांगायचं, पास की नापास. कार्डावरच्या चारशे बारा छटा तिला तोंडपाठ होत्या, म्हणून सगळे तिला छटाबाई म्हणत. छटाबाई चहाच्या रंगावरून दूध कुठल्या डेअरीचं ते सांगतील, अशी तिची थट्टा व्हायची. पूर्वी तीही हसायची.

सायकल नवऱ्याची. तो याच कारखान्यात रंगाच्या खात्यात होता. दोन वर्षांपूर्वी हौदाशेजारी उभ्याउभ्या कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून पलंग, खिडकी आणि छत एवढंच त्याचं जग. दिवसभर त्याची थोरली बहीण, ताई, त्याच्यापाशी बसायची. छटाबाई आली की ताई आपल्या घरी जायची, आणि मग त्याला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, चादर बदलणं. ती आजारी नव्हती, रोज दुःखीही नसायची. फक्त थकली होती, इतकी की पुलाचा चढ आला की तिला वाटायचं, इथेच पाय टेकावा आणि पुन्हा उचलूच नये.

सीट वर आली आहे हे तिच्या आधी तिच्या गुडघ्यांना कळलं. एका सोमवारी संध्याकाळी स्टँडमधून सायकल काढली, बसली, आणि पाय पॅडलवर नीट पोचेना. उतरून बघितलं. नवरा पडल्यावर तिने सीट आपल्या उंचीला खाली घेतली होती, आणि सायकल दुरुस्त करणाऱ्याने खूण म्हणून नळीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून दिली होती. ती रेघ आता दोन बोटं वर आली होती. कोणाची तरी मस्करी, असं म्हणून तिने सीट खाली घेतली. मंगळवारी पुन्हा वर. बुधवारीही तेच.

पुढच्या चाकाला किलोमीटर मोजणारं छोटं यंत्र होतं, नवऱ्याचीच हौस. गुरुवारी सकाळी सायकल लावताना तिने आकडा कागदावर लिहून घेतला आणि सुटल्यावर पुन्हा बघितला. उभी करून ठेवलेली सायकल चौदा किलोमीटर फिरून आली होती. शुक्रवारी एकोणीस.

कारखान्याच्या स्टँडचा नियम जुना होता. प्रत्येक सायकलचे दोन पितळी बिल्ले, एक हँडलला, एक मालकाकडे. बिल्ला दाखवल्याशिवाय सायकल बाहेर पडत नाही. स्टँडवर नवीनच लागलेले काका या नियमाला इतके पक्के होते की बिल्ला घरी विसरलेली माणसं पायी घरी जात.

“काका, दुपारी माझी सायकल कोण नेतं?” तिने विचारलं.

“तुमच्याच घरचे ना ते? एक वाजता नेतात, साडेचारला आणून लावतात. बिल्ला असतो त्यांच्याकडे.”

“कुठला नंबर?”

“एकसष्ट. नीट बघून घेतो मी.”

एकसष्ट नंबरचा बिल्ला तिच्या पिशवीत होता. तिने चाचपून बघितला. मग तिला आठवलं, आजारी पडण्याच्या आधी नवऱ्याने आपला बिल्ला कुठेतरी हरवला होता आणि साहेबांची बोलणी खाऊन दुसरा करून घेतला होता. म्हणजे पहिला कोणा रिकामटेकड्याला सापडला असणार. उलगडा झाल्यावर तिला बरं वाटलं. चिडायचं त्राण नव्हतं. तिने सीट खाली घेतली आणि वाऱ्यात निघाली.

त्याच दिवसांत घरी वेगळंच काही घडत होतं. बुधवारी नवऱ्याने तिचं बोट धरलं होतं, उजव्या हाताने. शनिवारी ताईने तेल लावताना उजवी टाच हलली. डॉक्टर म्हणाले, नव्या गोळ्यांचा गुण असेल.

“दुपारचा मात्र फार गाढ झोपतो गं,” ताई म्हणाली. “एकला डोळा लागतो तो साडेचारपर्यंत. हाक मारली तरी ढिम्म. उठतो तो घामाघूम.”

“झोपू दे. झोपेनं ताकद येते,” छटाबाई म्हणाली. तिला स्वतःला कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आकडा वाढतच गेला. चोवीस, सत्तावीस, बत्तीस. गुरुवारी संध्याकाळी मागचं चाक पंक्चर. वाटेतलं दुरुस्तीचं दुकान बंद होतं. नऊ किलोमीटर तिने सायकल ढकलत आणली. पुलावर तर ती रडत होती, आणि रडतानाही चालत होती. घरी पोचली तेव्हा ताईचं तोंड फुगलेलं. छटाबाई पलंगापाशी जमिनीवर बसली.

“आलीस?” नवरा म्हणाला.

शब्द घोगरा होता, पण स्पष्ट होता. दोन वर्षांनी. ती त्याच्या हातावर डोकं ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. आता हा बरा होणार, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि दुसरंही वाटलं, की आता आपल्याला एक दिवससुद्धा नोकरी चुकवून चालणार नाही. सायकल जपायला हवी.

सकाळी पंक्चर काढून घेतलं आणि स्टँडवर पोचल्यापोचल्या तिने काकांना सांगितलं.

“तो माणूस माझा कोणी नाही. आज आला तर सायकल देऊ नका. बिल्लाही काढून घ्या त्याच्याकडून.”

“बरं,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. नियम पाळूनही आपण चुकलो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

त्या दिवशी तिचा एकही धागा चुकला नाही. सुटताना ती जवळजवळ हलक्या पावलांनी स्टँडकडे गेली. सायकल जागेवर होती. सीट खालीच होती. आकडा सकाळचाच.

काकांनी तिच्या हातावर बिल्ला ठेवला. जुना, कडेला पोचा आलेला. एकसष्टच्या खाचेत निळा रंग भरला होता. हौदावर काम करणाऱ्यांच्या नखांत बसतो, तो निळा. कार्डावरचा दोनशे सत्तर.

“भांडला का?” तिने विचारलं.

“नाही हो. मी म्हटलं, बाई म्हणतात तुम्ही त्यांचे कोणी नाही. त्यांनी ऐकून घेतलं, बिल्ला दिला आणि चालत निघाले.” काकांनी फाटकाकडे बघितलं. “उजवा पाय थोडा ओढतात. तरी निघाले.”

“कुठल्या बाजूला?”

काकांनी हात केला. तिच्या घराकडचा रस्ता उजवीकडे होता. हात डावीकडे होता.

पुलाचा चढ तिने कसा चढला, तिला आठवत नाही.

ताई दारातच उभी होती.

“साडेचारला उठलाच नाही गं. श्वास चालू आहे. पण उठत नाही.”

डॉक्टर आले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. वाट बघा, म्हणाले.

तिने वाट बघितली. सायकलवर जाऊन यायला साडेतीन तास लागायचे, तर एक पाय ओढत चालणाऱ्याला किती लागतील, हे ती मनात मोजत राहिली. दोन दिवस धरले, मग चार, मग आठवडा. रोज सकाळी स्टँडवर सायकल लावून ती सीट स्वतःच दोन बोटं वर करते. आपला आणि तो जुना, दोन्ही बिल्ले हँडलला अडकवते. साडेचारला बघून येते.

आकडा तेवढाच असतो.

आता सहावा आठवडा आहे. नवरा अजून उठलेला नाही, नाकातल्या नळीतून पेज जाते. संध्याकाळी ती कोमट पाणी घेते आणि त्याचे पाय धुते. पहिल्या दिवशी तळव्यांना कारखान्यासमोरची राखाडी धूळ होती. नंतर पिवळट. मग कितीतरी दिवस काळी माती. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख घासून संपत आलं आहे. टाचांना भेगा आहेत, आणि रोज त्या थोड्या जास्त खोल असतात.

काल टाचेतली माती तिने कागदात बांधून कामावर नेली. उत्तरेच्या खिडकीशी उभी राहिली. कार्डावरच्या एकेका धाग्यापाशी चिमूट धरून बघितली, चारशे बाराही.

ती छटा कार्डावर नव्हती. या गावात, आसपास, तिने आयुष्यात कुठे पाहिलेली नव्हती.