दिवा जरा खाली घ्या

त्याचा दिवा माझ्या डोळ्यांवर आला आणि मी सायकलसकट रोपवाटिकेच्या कुंड्यांमध्ये गेले.

संध्याकाळ कलली होती, रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते. निवृत्त पोस्टमास्तरांचा नवा चष्मा पोचवायला मी निघाले होते. वळणावरून एक जुनी, काळी मोटारसायकल धडधडत आली. तिचा उजेड रस्ता सोडून थेट माझ्या चेहऱ्यावर... पुढचं काही दिसेना. हँडल वळलं आणि मी गुलाबाच्या रोपांशेजारी बसलेली.

मोटारसायकल थांबली. एक उंच माणूस धावत आला.

"लागलं का? कुठे लागलं?"

"आधी चष्मा बघू दे," म्हणत मी पिशवीतली डबी उघडली. काचा शाबूत होत्या. माझं कोपर तेवढं खरचटलं होतं.

"दाखवा. डॉक्टर आहे मी."

मी हात पुढे केला. त्याने गाडीच्या पेटीतून कापूस आणि बाटली काढली. हात हलका होता त्याचा. गवताचा आणि फिनेलचा मिसळलेला वास येत होता.

"दवाखाना कुठे तुमचा?" मी विचारलं.

"जनावरांचा आहे," तो खाली बघतच म्हणाला. "पण औषध तेच असतं. आणि तुम्ही वासरांपेक्षा बऱ्याच कमी लाथा मारताय."

मला हसू आलं, पण ते मी गिळलं. "तुमचा दिवा रस्त्यावर का पडत नाही?"

"काच फुटली होती. नवी घालून मीच बसवला, अंदाजाने. तेव्हापासून त्याला झाडांचे शेंडे बघायची खोड लागलीय."

"मग त्याचा नंबर काढून घ्या."

"कोण काढून देतं?"

"घड्याळाच्या मनोऱ्याखाली चष्म्याचं दुकान आहे. निळं दार."

बोलले मी रागातच. पण रागात इतका नीट पत्ता कुणी सांगत नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान आवरत होते तेव्हा दाराबाहेर ती धडधड थांबली. बाबा यंत्रावर काच घासत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "नंबर डोळ्यांचा काढायचा की गाडीचा?"

म्हणजे मी कुंड्यांची गोष्ट घरी सांगितल्याचं त्यालाही कळलं. माझे कान तापले.

"गाडीचा, काका," तो म्हणाला. "तुमच्या मागच्या गल्लीत पांढरी भिंत आहे आणि जमीन सपाट आहे. चालेल का?"

बाबांना असल्या कामात भारी रस. ते खडू घेऊन आधीच निघाले. गाडी भिंतीपासून चांगली लांब उभी केली. दिव्याचा मध्य जमिनीपासून जितका उंच, तितक्याच उंचीवर बाबांनी भिंतीवर आडवी रेघ ओढली. दिवा खाली केला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या जराशी खाली यायला हवी, म्हणजे रस्ताही दिसतो आणि समोरच्याचे डोळेही वाचतात. पण हे बघायचं गाडीवर माणूस बसलेला असताना. त्याचं वजन हवं. म्हणून तो बसला, आणि पाना आला माझ्या हातात.

दिव्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बोल्ट होता. मी ते सैल केले आणि दिव्याचं गोल डोकं दोन्ही हातांनी धरलं. ते गरम होतं, इंजिनबरोबर थरथरत होतं. उजेडाच्या आड येऊ नये म्हणून मला बाजूला, त्याच्या गुडघ्यापाशीच उभं राहावं लागलं.

"खाली," तो म्हणाला. "अजून थोडा... थांबा. आता जास्त झालं."

"थोडा म्हणजे किती? माणसाने नीट सांगावं."

"भिंतीकडे बघा ना. माझ्याकडे बघून कसं कळेल?"

मी भिंतीकडे बघायला लागले. इंजिन मंदावलं की उजेड पेंगायचा, त्याने मूठ पिळली की डोळे उघडायचा. कड रेघेच्या खाली आली. मी बोल्ट आवळले.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं," आम्ही दोघंही म्हणालो. आणि दोघांच्याही आवाजात आनंद जरा कमीच होता.

ती गाडी त्याच्या आत्याची. आत्या नर्स होत्या. साऱ्या पंचक्रोशीतली बाळंतपणं त्यांनी याच गाडीवर फिरून केली. आता गुडघे बोलायला लागले म्हणून गाडी भाच्याकडे आली. हे मला कसं कळलं, तर तो त्यानंतर येतच राहिला. कधी आत्यांच्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून, कधी डबी हरवली म्हणून. आत्यांचा चष्मा इतका कसा नादुरुस्त होतो, याचं मला कोडं पडलं. मग एकदा निमित्तं संपली असावीत. तो स्वतःच तपासणीच्या खुर्चीत बसला.

तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ त्याने वाचली. तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "डोळे घारीचे आहेत याचे. दुखणं दुसरीकडेच आहे."

"बाबा, काच घासा," मी म्हणाले.

दिवस छान चालले होते. आणि तेवढ्यात ती बातमी आली, जिची मी कितीतरी वर्षं वाट बघत होते. डोंगरापलीकडच्या गावात बाबांच्या मित्राचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांना आता मुलीकडे राहायला जायचं होतं. दुकान मी चालवावं, वरच्या खोलीत राहावं, असं त्यांनी कळवलं होतं. माझं स्वतःचं दुकान. बाबांनी तर नव्या दुकानातल्या टेबलावर अंथरायला कापडही काढून ठेवलं.

मी त्याला सांगितलं तेव्हा तो दारात उभा होता. हातातले हातमोजे त्याने उलटेसुलटे केले. मग म्हणाला, "घ्या. नक्की घ्या."

बस्स, एवढंच. हातमोजे चढवले आणि गेला. त्यानंतर आत्यांचा चष्मा एकदम ठणठणीत राहायला लागला.

मला राग आला, आणि रागाचं कारण सापडेना. जायचं मलाच होतं. मग त्याने "जाऊ नका" म्हणावं, असं मला का वाटावं?

दुकान बघायला जायच्या दिवशी बस आलीच नाही. थांब्यावरची माणसं कुरकुरत पांगली. मीही निघणार, तोच ओळखीची धडधड ऐकू आली. तो कुठल्याशा गोठ्यातून परतत होता. बाह्या वर, बुटांना चिखल.

"दुकान बघायला?" त्याने विचारलं.

"बस नाही आली."

तो जरा घुटमळला. "मी सोडतो. चालणार असेल तर."

मी मागे बसले. मधे पिशवी ठेवली. घाटाच्या पहिल्या वळणावर ती पिशवी माझ्या मांडीवर आली, ती तिथेच राहिली.

दुकान मला बघताक्षणी आवडलं. रस्त्याकडे मोठी काच, दिवसभर मऊ उजेड, उथळ खणांचं जुनं लाकडी कपाट. मी एकेक खण उघडून बघत होते. दुकानवाल्या काकांनी चहा दिला. तो दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी वळले की नजर कपाटाकडे.

परतताना दिवस मावळत आला, झिमझिम सुरू झाली. उजेडात थेंब सुयांसारखे चमकत होते. आणि एक गंमत झाली. समोरून येणारी प्रत्येक गाडी आमच्यावर दिवे मारायला लागली. एका ट्रकवाल्याने तर खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "अरे, दिवा खाली घे की."

"आपण तर नीट लावला होता," मी म्हणाले.

पुढे एक बंद गोदाम होतं. त्याच्या पत्र्याच्या छपराखाली त्याने गाडी घेतली, भिंतीसमोर उभी केली. उजेड भिंतीवर कितीतरी वर गेला होता.

"उतरा बरं जरा."

मी उतरले. उजेडाची कड झरकन खाली आली.

"बसा."

बसले. कड पुन्हा वर.

"आपण माझ्या एकट्याच्या वजनावर लावला होता," तो म्हणाला. "मागे कुणी बसलं की गाडी मागून दबते आणि दिवा वर जातो. माझ्या ध्यानातच आलं नाही. मागे कधी कुणी बसलंच नव्हतं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी 'घ्या' म्हणालात... इतक्या सहज?"

"सहज?" तो हसला, पण ते हसणं नीट जमलं नाही. "त्या दिवशी मी एका गाईचं औषध दुसऱ्याच गाईला द्यायला निघालो होतो. मालकाने हात धरला म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दुकानाबद्दल बोलत होतात तेव्हा तुमचा चेहरा बघितला होता मी. त्या चेहऱ्याच्या आड यायची हिंमत झाली नाही. तुम्ही थांबावं असं वाटत होतं, आणि तुम्ही थांबला असतात तर मला ते आवडलं नसतं. काय बोलणार होतो?"

हा माणूस इतके दिवस काड्या आणि डब्या घेऊन यायचा, आणि खरं बोलायला त्याला घाट चढून यावं लागलं.

त्याने पेटीतून पाना काढला, आणि हातातच धरून ठेवला. "हा दिवा... एकट्याच्या हिशोबाने राहू द्यायचा की दोघांच्या?"

विचारलं दिव्याबद्दल. पण बघत होता माझ्याकडे. भिंतीकडे अजिबात नाही.

मी त्याच्या हातातून पाना घेतला. दोन्ही बोल्ट सैल केले. "मी मागे बसते आणि हात पुढे करते, असं काही जमणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही पुढे बसा, मी मागे. उजेड कुठे पडतो ते आधी बघू. मग मी उतरून खाली घेते. मग पुन्हा बसते."

"वेळ लागेल."

"लागू दे."

लागलाच. मी चढले, उतरले, पुन्हा चढले. शेवटी आम्ही दोघं बसलेलो असताना उजेड भिंतीवर नीट, खाली आला. मी उतरून बोल्ट आवळले.

"पण असा ठेवला तर मी एकटा असताना अगदी चाकाजवळ पडेल," तो म्हणाला. "लांबचं दिसणार नाही."

"मग एकटा असताना वर करत जा," मी म्हणाले. "आणि मला न्यायला येशील तेव्हा खाली."

'येशील' म्हणाले मी. तोंडातून निघून गेलं होतं. त्याच्या ते लगेच लक्षात आलं, कारण त्याने एकदम मान वळवली.

"रोज?" त्याने विचारलं.

"तुझ्या गाई सोडतील तेव्हा."

त्याने माझ्या हातातला पाना घेऊन शर्टाच्या खिशात घातला. माझा ओला हात मात्र हातातच ठेवला, आणि पाऊस थांबला तरी आम्ही निघालो नाही.

दुकान मी घेतलं, वरची खोली मात्र चष्म्यांच्या खोक्यांना दिली. बाबा उद्घाटनाला आले आणि आत्यांना पुढच्या रांगेत बसवून त्यांचा चष्मा तपासून बघितला. त्यात काहीच बिघाड नव्हता, कधीच नव्हता, असं त्यांनी चार लोकांत जाहीर केलं. आत्या म्हणाल्या, मला ठाऊक होतं, पण पोराला घराबाहेर पडायला काहीतरी हवं होतं.

आता संध्याकाळी मी कपाटाचे खण लावत असते, तेव्हा समोरच्या घराच्या भिंतीवर उजेडाचा एक गोल येऊन थांबतो. इंजिन मंदावतं, गोल थोडा पेंगतो. मग तो हळूच खाली सरकतो... थोडा, अजून थोडा. मी दुकानाचे दिवे मालवते आणि कुलूप घेऊन बाहेर येते.