कड्याचा देखावा

मोरेश्वर खारकर पूर्वी खालापूरच्या शाळेत शिकवत. पुढे ते मुंबईच्या एका सिनेमा कंपनीसाठी कथानकं रचू लागले, तरी कर्जतच्या बाजारात लोक त्यांना मास्तरच म्हणत. तेव्हा सिनेमा मुका होता आणि साहसाचे खेळ जोरात चालत. घोडदौड, तलवारबाजी, पळवून नेलेली राजकन्या, आणि शेवटाला एखादा कडा. कड्यावाचून खेळ पुरा होत नसे. एकोणीसशे एकोणतीसच्या उन्हाळ्यात दिग्दर्शक भालेकरांनी नवा कडा शोधायला सांगितलं, तेव्हा मास्तरांच्या तोंडी पहिलं नाव कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांचं आलं.

कर्जतहून सामान बैलगाड्यांनी गावापर्यंत गेलं आणि तिथून लेण्यांपर्यंत माणसांच्या डोक्यावरून. लेण्यांच्या माथ्यावरचा कडा काळा आणि सरळ उभा आहे. पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळतं. उन्हाळ्यात वाळलेल्या शेवाळाचा पांढुरका पट्टा तेवढा उरतो. मध्यावर एका फटीतून उंबराचं रोपटं बाहेर आलं होतं. भालेकर खालून बघत राहिले आणि खूश झाले.

वाटेत ठाकरांची वाडी होती. तिथली जना कंपनीच्या माणसांना पाणी देई. मास्तर तिची बोली समजणारे, म्हणून ती त्यांच्याशी बोलू लागली. तिची मुलगी चिंधी काही पावसाळ्यांमागे करवंदं काढायला कड्यावर गेली होती. ती परत आली नाही. वाडीच्या माणसांनी खालचं सगळं रान पालथं घातलं, पण काही हाती लागलं नाही. हे सांगताना जना रडली नाही. भांडं विसळता विसळता म्हणाली, "मास्तर, तुमी काय सोंगं करायची ती करा. पन त्या कड्यावरनं मानूस टाकायचं सोंग नका करू."

मास्तरांनी शब्द दिला.

त्या संध्याकाळी ते भालेकरांकडे गेले ते दुसरा कडा बघू या असं सांगायलाच. कारण म्हणून त्यांनी चिंधीची हकिकत सांगितली. भालेकर पुढे सरकून ऐकायला लागले. तसे मास्तर रंगत गेले. चिंधीची टोपली, तिची हाक, आईचं वाट बघणं, न घडलेलंही त्यांनी घातलं. बोलणं संपलं तोवर राजकन्येची रानकन्या झाली होती आणि कडा तोच राहिला होता. मास्तरांना जनाला दिलेला शब्द आठवला. तरी भालेकरांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा ते हसले.

कड्यावरून टाकायला भाताच्या पेंढ्याचा पुतळा बांधला. कंपनीची लुगडी नवी, कडक. ती पडताना खोटी दिसतील असं ठरलं. मास्तर जनाकडे गेले आणि नटीला नेसायला चिंधीचं एखादं जुनं लुगडं मागितलं. ते नटीला नको, पुतळ्याला हवं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. जनाने वळणीवरून निळं लुगडं काढलं, त्याचा एकदा वास घेतला आणि दिलं. खेळ आला की मला दाखवा, एवढंच ती म्हणाली.

भर दुपारी पुतळा ढकलला. कॅमेऱ्याची मूठ फिरवणारा सखा समोरच्या उतारावर होता. पुतळा सरळ खाली गेला, कुठे अडकला नाही, आणि करवीच्या झुडपांत दिसेनासा झाला. लुगडं परत द्यायचं म्हणून मास्तर खाली उतरले. करवी कुठे मोडलेली नव्हती. पेंढ्याची काडीही पडली नव्हती. लुगड्यासाठी कुणीतरी उचलला असेल, असं म्हणत भालेकरांनी निघायची घाई केली. सखा कॅमेरा उतरवायला लागला. तो कड्याकडे बघायचं टाळत होता.

थंडीत खेळ तयार झाला आणि कर्जतला तंबूत लागला. पडद्यावरची अक्षरं वाचता येणारे थोडे, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून ती मोठ्याने वाचायचं काम मास्तरांकडे आलं. साथीला पेटी-तबला होता. दिवेलागणीला तंबू भरला. अगदी पुढे, जमिनीवर, वाडीची माणसं बसली होती आणि त्यांच्यात जना. तिने मास्तरांना लांबूनच हात जोडले. मास्तरांनी नजर कागदाकडे वळवली.

कड्याचा देखावा आला. मुंबईत त्यांनी तो पाहिला होता, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारा. आता तो संपेना.

निळं लुगडं पडद्यावर राखाडी दिसत होतं. ते कड्यावरून सुटलं, खाली आलं आणि मध्यावरच्या उंबराशी थांबलं. लोंबकळलं. मग लुगड्यातून एक हात वर आला. बोटं उघडली आणि फांदीभोवती मिटली.

पेटी थांबली. तबलाही थांबला. तंबूत फक्त यंत्राची खरखर उरली.

ती तशीच लटकून होती. वारा आला की हलत होती. दुसरा हात खडकावर आधार शोधत होता.

जना उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "मास्तर, ती धरून हाय की. तुमी कुनी वर गेला का नाय?"

सगळा तंबू मास्तरांकडे बघत होता. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली. मास्तरांनी ती वाचली. न वाचता उभं राहता आलं असतं, पण त्यांनी वाचली, नेहमीच्या खड्या आवाजात.

"अशा रीतीने त्या रानकन्येचा अंत झाला."

जना त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून माणसांतून वाट काढत बाहेर गेली. वाडीची माणसंही तिच्यामागे गेली.

सकाळी मास्तरांनी खेळाबरोबर कर्जतला आलेल्या सखाला फिल्म उन्हात धरायला लावली. इवल्या इवल्या चौकटींत पुतळा सरळ खाली जात होता. हात नव्हता. उंबरापाशी काही अडकलेलं नव्हतं. सखाने फिल्म गुंडाळली आणि म्हणाला, "त्या दिवशी मूठ फिरवताना मला दिसला होता हात. वाटलं, उन्हामुळं असंल."

मास्तर एकटेच कोंडाण्याला गेले. जना दारात नाचणी पाखडत होती. त्यांनी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं: मोडलेला शब्द, भालेकरांपुढे रंगवलेली हकिकत, खोटं बोलून नेलेलं लुगडं. सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. जनाचं सूप थांबलं नाही.

"तो पेंढा होता, जनाबाय. ती चिंधी नव्हती."

"त्ये तिला सांगा."

मास्तरांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"पहाटं आली," जना म्हणाली. "पानी मागत व्हती. तंबूत तुमी काय वाचलं त्ये मी तिला बोलले. म्हनते, मास्तरान्ला म्हनावं, माझ्या म्होरं वाचा एकदा."

झोपडीत अंधार होता. चुलीपलीकडे कुणीतरी बसल्या जागी हललं. कुडाची भिंत करकरली.

मास्तरांनी टोपी काढली. तोंड उघडलं. शब्द फुटेना.

आत कुणी घाई केली नाही.

मग उंबऱ्याच्या आतून एक हात पुढे आला. त्याने घोंगडीची घडी मास्तरांना बसायला बाहेर सरकवली. तळहात पार सोलवटला होता. घडी नीट करून तो तिथेच थांबला, मास्तर बसायची वाट बघत.