निळ्या पिशवीतला एकच पासपोर्ट

आत्याच्या चहाला अजून उकळी फुटायची होती, तेवढ्यात धाकट्या भाच्याचा फोन आला.

"आत्या, ताबडतोब ये. माझा पासपोर्ट गेला."

"गेला म्हणजे कुठे गेला?"

"ते कळलं असतं तर तुला कशाला फोन केला असता?"

आत्याने गॅस बंद केला. तिचा सारा जन्म शाळेत गेला होता, शेवटची वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. कॉपी करणाऱ्याचा चेहरा साळसूदच असतो, पण त्याचे पाय हलायचे थांबतात, हे तिने शिक्षकांच्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून कुणाला पकडायला मिळालं नव्हतं. भाच्याची काळजी वाटलीच, पण चपला घालताना अंगात थोडी हुशारीही आली.

भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. खाली फोटोफ्रेमचं दुकान, वर संसार. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता दुकान दोघं मुलं चालवत, थोरला गल्ल्यावर आणि धाकटा कामावर. धाकट्याची बायको नर्स. ती आधी एकटीच परदेशी गेली, तिथल्या हॉस्पिटलात कायम झाली आणि तिने नवऱ्याला बोलावून घ्यायचा अर्ज केला. बायकोच्या जिवावर नवऱ्याला व्हिसा, यावर गल्लीने पोटभर हसून घेतलं होतं. मग कागदपत्रं, मुलाखती, तपासण्या. ताटातुटीची वर्षं अशी सरली आणि व्हिसा हातात आला. त्याची मुदत याच आठवड्यात संपत होती आणि विमान उद्याचं होतं. ते चुकलं की पुन्हा श्रीगणेशा.

दिवाणखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. चार बॅगा आ वासून पडल्या होत्या. एका बॅगेत धाकट्याची मुलगी चिमणी बाहुलीला घेऊन बसली होती, जणू विमान सुटलंच होतं.

आत्या भावाच्या फोटोखालच्या खुर्चीत टेकली. समोर धाकटा उभा होता, दाढी वाढलेला.

"कुठे ठेवला होता?"

"या कपाटात, निळ्या पिशवीत. माझा आणि चिमणीचा, दोन्ही एकत्र. काल सकाळी पाहिले होते."

"किल्ली?"

त्याने दाराजवळच्या खिळ्याकडे बोट केलं. म्हणजे किल्ली घरातल्या सगळ्यांच्याच हातात.

आत्याने पिशवी उघडली. चिमणीचा पासपोर्ट जागच्या जागी होता.

"हा का राहिला?"

"मला काय माहीत?"

आत्याला मात्र तो राहिलेला पासपोर्टच गेलेल्यापेक्षा जास्त खुपायला लागला. चोर घाईत असतो. घाईत माणूस पिशवी उचलतो, आत बसून निवड करत नाही.

तिच्या मानेवरून काहीतरी सरकलं. तिने झटकलं. मुंगी होती.

"काय गं सूनबाई," तिने थोरल्या सुनेला हाक मारली, "मुंग्या झाल्यात घरात?"

थोरली सून स्वयंपाकघरातून आली. कंबरेला मापाची टेप खोचलेली होती. "सकाळीच पुसून काढलंय हो सगळं. गोडाचा कण नाही कुठे. आमच्या हातून काही नीट होतच नाही ना, नीट करणाऱ्या सगळ्या परदेशी."

हे "परदेशी" तिने असं उच्चारलं, की चिंच चावल्यासारखं तोंड झालं. आत्या उठून तिच्या मागोमाग आत गेली.

"काल कुठे कुठे होतीस?"

"दुपारी चिमणीला बूट घ्यायला गेले होते. नर्सबाईंचा हुकूम, तिकडे थंडी असते म्हणे. लेकीला बूट घ्यायचे मी, वेण्या घालायच्या मी, आणि आई म्हणून मिरवायचं त्यांनी."

"जळते आहेस का गं?"

ती सरळच म्हणाली, "जळतेच. लग्न माझं आधी झालं. विमान मी अजून खालूनच बघते." आणि मोरीतलं छोटं पातेलं खरवडत पुटपुटली, "हे कुणी भिजत घातलंय देव जाणे. पांढरा पापुद्रा धरलाय, निघता निघत नाही."

"ती टेप कशाला?"

सून लाजली. धाकट्याच्या खोलीत दोन खिडक्या होत्या आणि तिच्या खोलीत एकच. पडद्यांची मापं तिने कालच घेऊन ठेवली होती.

आत्या खाली दुकानात गेली. काचा, लाकडी पट्ट्या, डिंकाच्या टेपची भेंडोळी. गल्ल्यावर थोरला बसला होता.

"तू घेतलास का रे पासपोर्ट?"

"आत्या, काहीतरीच काय?"

"गिऱ्हाईक आत आलं की कुणाला विचारतं?"

थोरल्याचा चेहरा उतरला. "त्यालाच. मी समोर बसलेला असतो, तरी मान लांब करून माझ्यामागे बघतात. 'धाकटे नाहीत का?' म्हणे. लहानपणापासून हेच."

कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली नवी पाटी उभी होती. आत्याने कागदाचा कोपरा उचलला. दुकानाचं नाव तेच होतं, फक्त त्यातलं "बंधू" गेलं होतं. थोरल्याने कानाची पाळी चोळली. आत्याने कागद पुन्हा नीट बसवला.

"तुझा भाऊ चिमणीला आधी पाठवून स्वतः मागून गेला तर?"

"नाही चालत. एजंटकडे मी होतो ना बरोबर. पोरीचा व्हिसा बापाच्या व्हिसाला जोडलेला आहे. बाप आधी, नाहीतर सोबत. बापाशिवाय तिला दारातूनच परत पाठवतील."

"हे घरात कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघांना. बायकोच्याही कानावर घातलंय मी."

आत्या वर आली तेव्हा धाकटा फोनवर नर्सबाईशी बोलत होता. पडद्यावरची ती शिफ्ट संपवून आलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "सापडेल हो, नीट शोधा," ती म्हणत होती. तिच्यामागे कुणीतरी पुरुष हसला आणि ती वळून त्याला काहीतरी म्हणाली. धाकट्याने फोन ठेवला, तो जवळजवळ आपटलाच.

"कोण होता?" आत्याने विचारलं.

"वॉर्डातला कुणीतरी. गाडीतून घरी सोडतो तिला. रोज." त्या "रोज"मध्ये सगळं आलं.

"तूच तर लपवला नाहीस ना पासपोर्ट? तिकडे जाऊन बायकोचा नवरा म्हणून राहायला लागेल, या रागाने?"

"वेडी आहेस का, आत्या? मला झोप येत नाही. शक्य असतं तर मी कालच गेलो असतो."

राहता राहिली वहिनी, म्हणजे धाकट्याची आई. ती आतल्या खोलीत पलंगावर बसून चिमणीचे कपडे बॅगेत भरत होती. लोकरीचा स्वेटर तळाशी, मग मोजे, मग फ्रॉक. शेजारीच धाकट्याची बॅग होती. तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"वहिनी, पासपोर्टचं ऐकलंस ना?"

"ऐकलं, वन्सं. काय करणार? नशिबात नसेल त्याच्या जाणं."

"मग ही बॅग कशाला भरतेस?"

"पोरीचा तर आहे ना पासपोर्ट. लेकराला आई नको? विमानात एकट्या मुलांना सांभाळायला बाई असते म्हणतात."

"आणि धाकटा?"

"तो राहील इथे." वहिनीने फ्रॉकची बाही सरळ केली. "राहिलाच आहे की इतकी वर्षं."

वहिनी पलंगावर बसली की तिचे पाय झुलत राहायचे, नवी नवरी होती तेव्हापासूनची सवय. आज ते एकमेकांत अडकवून ठेवलेले होते. चोर सापडला की तिला नेहमी आनंद व्हायचा, आज झाला नाही.

तिने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. चिमणीला शेजारी धाडलं.

"या घरात मत्सराला तोटा नाही," तिने शाळेतल्या आवाजात सुरुवात केली. "थोरली सून जावेवर जळते. थोरला भावावर जळतो. धाकटा त्या गाडीवाल्यावर जळतो. मान खाली घालू नका, मी मार्क देत नाहीये. पण गंमत अशी, की या तिघांनाही धाकटा उद्या विमानात बसायलाच हवा होता. सुनेने खोलीची मापं घेतलीत. थोरल्याने पाटी रंगवून घेतलीय."

"कसली पाटी?" धाकट्याने भावाकडे पाहिलं. थोरला छताकडे बघत राहिला.

"तुमचं भांडण नंतर. आणि ज्याला बायकोचा संशय येतो तो विमान चुकवत नाही, विमानाच्या आधी जाऊन पोचतो. म्हणजे तिघंही सुटले. आता तो राहिलेला पासपोर्ट बघा. चोराने एकच उचलला. त्याला बापाला अडवायचं होतं आणि पोरीला तिच्या आईकडे जाऊ द्यायचं होतं. पण पोरीचा व्हिसा बापाला जोडलेला. हे तुम्हा तिघांना ठाऊक आहे. म्हणजे चोर तोच, ज्याला हे कुणी कधी सांगितलंच नाही."

वहिनीचा हात पदराशी गेला.

"पण पासपोर्ट कुठे आहे?" धाकट्याने विचारलं. त्याला अजून उलगडा झाला नव्हता, किंवा करून घ्यायचा नव्हता.

आत्या खुर्चीमागे गेली. भिंतीवर मुंग्यांची बारीक रांग चढत होती. ती थेट भावाच्या फोटोमागे शिरत होती.

"घर पुसलेलं, गोडाचा कण नाही, मग या इथे कशाला चालल्यात? आणि मोरीतल्या त्या पातेल्यात काय शिजलं होतं? मुंग्यांना आवडेल असं काय असतं फ्रेममध्ये?"

"काहीच नसतं," धाकटा म्हणाला. "आम्ही मागचा कागद डिंकाच्या टेपने बंद करतो."

"तुम्ही करता. तुमचे वडील?"

थोरला हळूच म्हणाला, "बाबा खळ वापरायचे. पिठाची. आई शिजवून द्यायची."

"आणि त्या खळीत काय घालायचे?"

"मोरचूद. नाहीतर मुंग्या लागतात."

"ते निळे खडे अजून दुकानातल्या फडताळात असतील. पण काल दुपारी सून बाजारात आणि दुकानात तुम्ही दोघं. टेप मागता येईना, मोरचूदही घेता येईना. घरात पीठ होतं, पाणी होतं आणि हाताला जुनी सवय होती."

आत्याने फोटो उतरवून पालथा केला. मागचा खाकी कागद नवा होता, कडा पांढुरक्या, अजून दमट. धाकट्याने नखाने एक कोपरा उचलला. कागदाआड पासपोर्ट होता.

थोरली सून रडायला लागली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आई?" धाकटा म्हणाला.

"त्यांच्याजवळ ठेवला होता." वहिनीने फोटोकडे मान हलवली. "टाकला नाही, फाडला नाही. त्यांनी सांभाळलाच असता."

"पण का?"

"बायको तुला फोनवर हसवते. बोलणं धड ऐकू येत नाही, मध्येच बंद पडतो तो फोन, तरी तू हसतोस. मी समोर वाढत असते, तर तू हूं म्हणतोस. मला वाटलं, पोर तिची, घेऊन जाऊ दे. तू माझा." ती आत्याकडे वळली. "मला नाही बघवत, वन्सं. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले."

"आणि मी गेलो नसतो, तर चिमणीही गेली नसती, आई. मायलेकींची ताटातूट तशीच राहिली असती."

"ते मला कुठे माहीत होतं? कुणी सांगितलं मला? कागद आले की तुम्ही मला आत पाठवत होतात."

धाकटा उठला, खाली गेला आणि आला तो मोरचुदाची बाटली घेऊन. "खळ शिजव," तो म्हणाला. "बाबांचा फोटो असा उघडा ठेवून मी जाणार नाही."

वहिनीने खळ शिजवली. या वेळी ती निळसर झाली. कागद त्याने बसवला, कडेवर तळवा तिने दाबून धरला. तो बापाकडून काम शिकला, तेव्हा पहिला धडा हाच होता. खळ धरेपर्यंत दाबायचं आणि वेळेवर हात काढायचा. उगाच धरून ठेवलं, तर कागद हातालाच चिकटून फाटतो.

बराच वेळ झाला. कागद धरला होता, हे धाकट्याला दिसत होतं, पण त्याने तिचा हात बाजूला केला नाही.

वहिनीने आपणच हात काढला. पदराला पुसला आणि आतल्या खोलीत जाऊन त्याची बॅग भरायला घेतली.