कोकमाच्या पेटीचा कौल

पालीच्या स्टँडवर कंडक्टरनं राहीला गाडीत चढूच दिलं नाही. कारण तिच्याजवळची काच – चांगली दाराएवढी! "बाई, ही एसटी आहे, काचेचं दुकान नाही," म्हणाला आणि घंटी मारून मोकळा. राही धुळीत उभी. आता काय करावं, कप्पाळ?

"धरू का एक बाजू?"

काचेपलीकडून एक हसरा चेहरा डोकावत होता. हा शिवा. गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून मुंबई सोडून गावी आलेला, आणि गाव नेमकं राहीला जायचं होतं तेच.

दोघं कातळावरून चालू लागले, मध्ये काच.

"पुढं बघून चाला. ठेच लागेल," राही म्हणाली.

"मी काच सांभाळतोय."

"काच... की काचेतून दिसतंय ते?"

बिचाऱ्याचे कान लाल झाले. राहीला हसू आवरेना.

राही राजापूरची, रत्नागिरीच्या कॉलेजात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. कॉलेजनं आणि गावानं मिळून एक प्रयोग काढला होता. आमसुलं अंगणात सुकत घालायची आणि वळवाची सर आली की मेहनत मातीत, हे दरवर्षीचं रडगाणं. म्हणून काचेच्या झाकणाची पेटी, ऊन आत, पाऊस बाहेर. कोकमं गावाची, रस-मीठ चोळणारे हात गावातल्या बायकांचे, पेटी कॉलेजची. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर प्रयोग बंद, राहीची नोकरी बंद. आणि या गावाची वाटही बंद... हे शेवटचं ती कुणाला बोलली नव्हती. पण त्या दिवसापासून आठवड्याला येता येता पोरीचा शिवावर जीव जडला होता, खोटं कशाला सांगा!

आणि मग तिनं घोळ घातला. दिवसभर ऊन मिळतं म्हणून पेटी नेऊन ठेवली थेट देवळासमोर. कुणाला विचारलं नाही, देवाला गाऱ्हाणं घातलं नाही. दुसऱ्या दिवशी एकही बाई पेटीला हात लावीना.

"बाय माझी, देवाला न इचारता कसं गो?" शिवाची आई तुळसा हळूच म्हणाली. राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी कौल लावायचं ठरलं. भागोजी गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"बा देवा म्हाराजा, कालेजची पेटी तुज्या अंगणात ऱ्हावी म्हंतायत. मान्य असंल तर उजवी दे!"

"व्हय म्हाराजा!" गाव बोललं.

डावी पडली.

राहीचे डोळे भरून आले. संपलं सगळं. तेवढ्यात मागून शिवा पुढं आला, घसा खाकरला.

"गुरवकाका, देवानं जागा नाकारली. पेटी कुठं नाकारली? आमच्या अंगणात ठेवायची का, तेवढं इचारा की."

देवळात खसखस पिकली. गुरवांनीही मिशीतल्या मिशीत हसून नव्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. पाकळी थोडी थरथरली... आणि उजवी टपकन खाली!

मग काय विचारता! शिवाच्या अंगणात बायकांची झुंबड. वळीव आला, धो धो कोसळून गेला, आणि काचेखाली आमसुलं कोरडी ठणठणीत. कॉलेजनं पुढच्या हंगामाला होकार कळवला.

त्या संध्याकाळी राही न्हाणीपाशी हात धूत होती. कोकमाचा लाल रंग काही जाईना. शिवा तांब्यानं पाणी घालत होता, निम्मं तिच्या पायांवर.

"पेटीला जागा मिळाली," तो म्हणाला. "पण पेटीवाल्या बाईंचं... म्हणजे... पुन्हा कौलच लावायला हवा..."

"दरवेळी देवाला कशाला त्रास देतोस?" पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं. "मला विचार की!"

तांब्या त्याच्या हातातच राहिला. "राही... येशील या घरात? कायमची?"

मनगटापर्यंत लाल झालेला उजवा हात तिनं त्याच्या ओल्या तळव्यावर ठेवला.

"उजवी पडली," ती म्हणाली.