शून्याची झिंग

शनिवारी दुपारी तीन वाजता, मानसशास्त्र विभागाने प्रयोगासाठी थाटलेल्या बारमध्ये, शार्दूल देवकाते चौथा ग्लास रिचवून टेबलावर चढला आणि भाषण ठोकू लागला. एकतर्फी काचेपलीकडे बसलेल्या डॉ. हेमांगी रासकरांनी पडद्याकडे पाहिलं. शार्दूलच्या मनगटावरची घामपट्टी त्याच्या रक्तातलं मद्य क्षणाक्षणाला मोजत होती. आकडा होता शून्य.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," त्या पुटपुटल्या.

ग्लासात भासमद्य होतं. रंग दारूचा, वास दारूचा, घशाला जाळ दारूचा. दारू मात्र थेंबभर नाही. कॉलेजची पोरं पिऊन जो धिंगाणा घालतात, त्यात दारूचा वाटा किती आणि पोरांचा किती, हे हेमांगींना मोजायचं होतं. पंचविशी ओलांडलेले, लेखी संमती दिलेले विद्यार्थी यायचे. निम्मे खरं प्यायचे, निम्मे भास. कोण काय पितंय ते फक्त हेमांगींना ठाऊक.

तीन महिन्यांत त्यांना या जमातीची कीव यायचीही थांबली होती. रंगीत पाणी पिऊन गळा काढणारे, रंगीत पाणी पिऊन मैत्रिणीच्या अंगचटीला जाणारे, वर "चढली रे" म्हणून माफी मिळवणारे! प्रत्येकाला जाताना खरं सांगायचा नियम होता. पण एकाला सांगितलं की वसतिगृहभर होणार, म्हणून हेमांगींनी ते अहवाल पुरा होईपर्यंत लांबवलं होतं. खरं प्यायलेल्यांना त्या आकडा उतरेपर्यंत आत थांबवत. शून्यवाल्यांना कशाला?

"चल, तुझं झालं. नीघ आता," त्या माइकवर म्हणाल्या.

शार्दूल झोकांड्या खात बाहेर पडला. जिन्यापाशी पहारेकरी गेनूमामा खिल्लारे उभे होते. त्यांनी त्याचा दंड धरला. "मला हात लावतोस? मला?" शार्दूल ओरडला आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. अकरा पायऱ्या. म्हाताऱ्याच्या खुब्याचं हाड मोडलं.

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत शार्दूलचे वडील आबासाहेब, संस्थेचे विश्वस्त, पाय पसरून बसले होते; शेजारी शार्दूल उभा होता.

"पोरगं शुद्धीत नव्हतं हो. या बाईंनीच पाजली. एरवी मुंगीला धक्का लावणार नाही तो."

प्राचार्यांनी मान डोलावली. ती मान डोलायलाच बसवलेली होती.

हेमांगींनी घामपट्टीची नोंद टेबलावर ठेवली. "त्याला दारू दिलीच नव्हती. थेंबसुद्धा नाही."

"मशीन बिघडलं असेल!" आबासाहेब खुर्चीतून उठले. "नीट बघा की बाई. थोडी तरी असेलच!"

आपलं पोर दारुडं ठरावं म्हणून एक बाप काकुळतीला आला होता. हेमांगींना हसू दाबावं लागलं.

"पण मॅडम," शार्दूल पांढराफटक पडला होता, "माझे पाय खरंच लटपटत होते."

"पाय तुझेच होते. आणि ढकलणारे हातही."

तक्रार पोलिसांत गेली. हेमांगी तडक इस्पितळात पोचल्या. गेनूमामांच्या पायाला वजन बांधलं होतं. हेमांगींनी सगळी हकिकत रंगवून सांगितली. बापाची नक्कलही केली.

"मामा, आता सुटका नाही त्याची. पूर्ण शुद्धीत होता, हे मी सिद्ध केलं."

गेनूमामा हसले नाहीत.

"बाई, माझा धाकटा भाऊ पिऊनच जिन्यावरनं पडून गेला. म्हणून पिलेलं माणूस दिसलं की माझा हात आपसूक पुढं जातो. शुद्धीतल्या माजोरड्याच्या वाटेला मी कधी जात नाही." त्यांनी मान वळवून हेमांगींच्या डोळ्यांत पाहिलं. "तो पिलेला नाही हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलं?"