सैल दोर

विश्रामनं मला पाहण्याआधी माझी होडी पाहिली. ती धक्क्याच्या खांबाला नाकानं लटकली होती, निम्मी हवेत अन् निम्मी चिखलात, आणि तिच्यातली पितळी घागर घरंगळून खाली जाऊन पडली होती. मी बाजारातून भाजीची टोपली घेऊन आले तर पाणीच जागेवर नव्हतं. सकाळी तर होतं... मी तोंडात बोट घालून उभीच राहिले.

धक्क्यावर एक पोरगा, हाच विश्राम, फाटकं शीड शिवत बसला होता. त्यानं माझ्या घागऱ्यावरच्या आरशांकडे पाहिलं, मग पुन्हा होडीकडे.

"तुमचीच काय ही?"

"व्हय. काहून?"

"मग फास का दिलात तिला?"

मी म्हणाले, फास कशाला, चांगली बांधलीय. आमच्या तांड्यावर नवा बैल असाच आखूड दाव्यानं बांधतात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात तोंड घालत नाही. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. तो मुकाट चिखलात उतरला, होडीला खांदा दिला अन् मला गाठ सोडायला लावली. घागरही धुऊन आणून दिली. मग होडी पुन्हा बांधताना त्यानं हातभर, दोन हात, तीन हात दोर सोडला.

"पाणी चढतं, उतरतं," तो म्हणाला. "त्याला जागा ठेवावी लागते."

"अन् एवढा सैल सोडल्यावर गेली म्हंजे?"

"बांधलेली आहे ना? मग कुठं जाईल?"

बोलला होडीबद्दलच... पण बघत होता माझ्याकडे. मी भाजीची टोपली धक्क्यावरच विसरून गेले.

मी मिरा, हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या तांड्यावरची. त्र्याहत्तर साली माझा भाऊ अमरसिंग रत्नागिरी बंदरात नोकरीला लागला. शहरात खोली काही मिळेना. एका मालकाचं मोठं शिडाचं गलबत माल नाही म्हणून बंदरात नुसतंच उभं होतं. कुणीतरी त्यावर राहावं अन् आत झिरपणारं पाणी उपसावं, एवढंच त्याचं म्हणणं. भावानं बिऱ्हाड थेट गलबतावरच मांडलं; धक्क्यावर ये-जा करायला ती होडी. भावजय नीलाबाई पाण्याला भ्यायची, म्हणून सोबतीला मला बोलावलं. दिवाळीनंतर महिनाभरासाठी म्हणून गेले, अन् शिमगा जवळ आला तरी माझा पाय निघेना.

कसा निघावा? आमच्याकडं विहिरीचं पाणी वर्षातून एकदा चढतं, एकदा उतरतं. इथं अख्खा समुद्र रोज चढत होता, उतरत होता, अन् आमचं घर, चुलीवरच्या तव्यासकट, त्याच्याबरोबर वर-खाली होत होतं! फळीला कान लावून निजलं की पलीकडे पाणी काहीतरी पुटपुटत असायचं. संध्याकाळी एवढा मोठा सूर्य पाण्यात शिरायचा अन् विझल्याचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. मी दोन्ही हात उराशी धरून बघत राहायची. इतकं मोठं काही या जगात आहे अन् आपण ते बघतोय, याचंच मला रडू यायचं.

"रोजच बुडतो तो," विश्राम म्हणायचा.

"म्हून काय रोज बघू नाही?"

मालकानं शिडं दुरुस्त करायचं काम त्यालाच दिलं होतं, त्यामुळे तो रोज यायचा. एवढी कुठली शिडं फाटली होती, देव जाणे. तो बांगडे आणायचा, मी ज्वारीची भाकरी अन् ठेचा द्यायची. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी पठ्ठ्यानं आणखी ठेचा मागितला. एकदा मी बोट बुडवून समुद्र चाखला अन् त्याला सांगितलं, की आमचे पूर्वज हेच मीठ बैलांच्या पाठीवर लादून आमच्या मुलखात न्यायचे. त्यानंही बोट बुडवून चाखलं. मग म्हणाला, म्हणजे तुम्ही नि आम्ही एकाच धंद्यातले, आम्ही फक्त पाण्यावरून वाहतो. त्या दिवसापासून तो मला "तू" म्हणायला लागला, अन् मला ते आवडलं.

शिमग्याच्या तोंडावर दोन गोष्टी घडल्या. गलबत विकलं गेलं, नव्या मालकानं विश्रामला त्याचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या केलं. अन् माझ्या बाचा निरोप आला, की घरी ये, कनेरगाव नाक्याकडचं स्थळ आलंय. बा म्हणजे थावरा नायक. त्याचा शब्द अख्ख्या तांड्याचा शब्द.

विश्राम मला एसटीपर्यंत सोडायला आला. वाटभर नुसता माझी वळकटी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत होता.

"तुमी काई बोलून नाही राहिले," शेवटी मीच म्हणाले.

"काय बोलू? तुझं सगळं तिकडं, माझं सगळं पाण्यावर. मी तुला अडवणार नाय, मिरा. दोर सैल सोडलाय."

माझ्या जिवाची आग आग झाली. आमच्यात दावं सैल सोडतात ते नको झालेल्या जनावराचं! "जे आपलं असतं, ते आमी आखडून बांधतो," मी म्हणाले अन् गाडीत चढले. मागं वळून पाहिलं नाही... पाहिलं, पण गाडी वळल्यावर.

घरी आल्यावर विहिरीवर गेले की मी पाणी कुठवर आहे ते बघायची. रोज तिथंच. स्थळाबद्दल बा विचारी, मी पेरणीचं निमित्त सांगी, मग खुरपणीचं. शेवटी बानं ठरवून टाकलं, पोळा झाला की सुपारी फोडायची. मी बरं म्हणाले. अडवणारं कुणी नव्हतंच.

पोळ्याच्या दिवशी मी सकाळी विहिरीवर होते. एकाएकी शेजारच्या देवलाकाकाचा ओरडा ऐकू आला, थावराचा बैल मुगात शिरलाय! मी घागर टाकून धावले. रंगवलेली शिंगं हलवत आमचा बैल मुगाच्या ऐन मध्यावर उभा राहून मजेत चरत होता. सुटलेला नव्हता. खुंट्याला पक्का बांधलेला होता, फक्त दावं बांधावरून पार मुगापर्यंत पोचलं होतं. मी खुंट्यापाशी बसून गाठ चाचपून पाहिली.

अशी गाठ, अन् एवढा सैल दोर... अख्ख्या जगात एकच माणूस बांधतो.

तो बाच्या मागं उभा होता. अंगावर एसटीची धूळ, चेहरा पडलेला. बा सांगत होता, अमरसिंगचा दोस्त म्हणून रत्नागिरीहून आला, मी म्हणलं तेवढा बैल बांधा, तर पाव्हण्यानं बैलाला गाव हिंडायला धाडलं.

"नारळी पुनवेला गलबतं सुटली असतील," मी मान खाली घालूनच म्हणाले.

"सुटली."

"अन् तुमी?"

"दुसरा तांडेल घेतला त्यांनी." त्यानं खुंट्यावरच्या गाठीकडे पाहिलं. "सैल सोडलेला दोर माझ्याच हाताला काचायला लागला, मिरा. मला तू पाहिजेस. हे तिथंच बोलायला हवं होतं... नाय सुचलं."

देवलाकाका ओरडतच होता. मला काही ऐकू येत नव्हतं. मी बैल मागं ओढला, ती गाठ सोडली, दावं आखडून घेतलं.  तो शेजारी उकिडवा बसला.

"एवढं आखूड?"

"हितं एवढंच."

"मग मलाही शिकव."

बा आम्हा दोघांकडे बघत राहिला. मुगाकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे. त्याला काय कळायचं ते कळलं असावं, कारण सुपारीची मंडळी येतील त्यांना काय सांगायचं, असं त्यानं मला हळूच विचारलं. मी मान हलवली. नाही म्हणून सांगा.

"देवला, मुगाचं आमी बघू," बा म्हणाला. मग विश्रामकडे वळून, "पाव्हणं, बैल बांधायचं एका दिसात येत न्हाई. ऱ्हावं लागंल."

मी दावं ओढून पाहिलं. पक्कं होतं. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून बोटभर सैल सोडलं.